नाव त्याचं, गाडी कंपनीची: रॅन्सम ओल्ड्स आणि ओल्ड्समोबिलची १०७ वर्षं

२०२१ च्या एप्रिलमध्ये एलजीनं मोबाइल बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्यांच्या खिशात एलजीचा फोन होता त्यांचे पहिले प्रश्न ठरलेले होते. अपडेट येणार का? डिस्प्ले फुटला तर नवा मिळणार का? विकायला काढला तर कुणी घेईल का? फोनचं एकवेळ ठीक आहे, तो दोन-तीन वर्षांत तसाही बदलतो. पण गाडी? कर्ज काढून घेतलेली, हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून, पेढे वाटून घरी आणलेली गाडी? तिचा ब्रँडच उद्या बंद झाला तर?

१२ डिसेंबर २००० रोजी अमेरिकेत लाखो लोकांवर ही वेळ आली. जनरल मोटर्सनं, म्हणजे जीएमनं, ओल्ड्समोबिल हा आपला ब्रँड बंद करायचं ठरवलं. त्या वेळी अमेरिकेत चालू असलेल्या गाड्यांच्या ब्रँडमध्ये हा सगळ्यात जुना, १८९७ सालचा. लोक चिडले, हळहळले, काहींनी कंपनीला शिव्या घातल्या. हा ब्रँड आपला आहे असं त्यांना वाटत होतं, आणि तो आपला नव्हता हे त्यांना त्या दिवशी कळलं.

गंमत म्हणजे हाच धडा त्यांच्या आधी ९६ वर्षं एका माणसाला मिळाला होता. त्याचं नाव रॅन्सम एली ओल्ड्स. गाडीवर नाव होतं ते त्याचंच.

भट्टीपासून सुरुवात

रॅन्समचा जन्म ३ जून १८६४ चा, ओहायो राज्यातल्या जिनिव्हा या छोट्या गावात. वडील प्लायनी ओल्ड्स लोहारकाम करायचे. पाच भावंडांत हा धाकटा. १८८० मध्ये हे कुटुंब मिशिगन राज्यातल्या लान्सिंग शहरात आलं आणि वडिलांनी मोठ्या भावाला, वॉलेसला, सोबत घेऊन वाफेची इंजिनं बनवणारं वर्कशॉप काढलं. रॅन्समही तिथेच घडला. १८८५ मध्ये त्यानं भावाचा हिस्सा विकत घेतला आणि धंद्यात भागीदार झाला.

त्याला घोडे आवडत नसत. त्यांचा वास, त्यांची निगा, सकाळ-संध्याकाळचं दाणापाणी, सगळ्याचाच कंटाळा. त्यामुळे त्याला बिनघोड्याची गाडी सुचली असं सांगतात. १८८७ च्या सुमारास त्यानं वाफेवर चालणारी तीनचाकी बनवली. ती तो पहाटे रस्त्यावर काढायचा, कारण त्या आवाजानं बिथरायला तेव्हा रस्त्यावर घोडे नसत आणि हसायला माणसं नसत.

पुढची वाफेची गाडी चारचाकी होती आणि १८९२ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात तिच्यावर लेख आला. तो वाचून गिऱ्हाईक आलं ते थेट आपल्या मुंबईचं! फ्रान्सिस टाइम्स नावाच्या व्यापारी कंपनीनं आपल्या मुंबईच्या शाखेसाठी ती गाडी ४०० डॉलरला घेतली. अमेरिकेतून परदेशात विकली गेलेली ही पहिली मोटारगाडी मानली जाते. ती मुंबईच्या बंदरात उतरली की वाटेत जहाजासकट बुडाली, याच्या दोन वेगवेगळ्या कथा सांगितल्या जातात. पण ओल्ड्सच्या हातची पहिली विकलेली गाडी मुंबईच्या नावानं निघाली होती, एवढं खरं.

मग त्याचं लक्ष पेट्रोलकडे वळलं. १८९६ च्या ऑगस्टमध्ये त्याची पेट्रोल गाडी लान्सिंगच्या रस्त्यावर धावली आणि बरोबर वर्षभरानं, २१ ऑगस्ट १८९७ ला, 'ओल्ड्स मोटर व्हेइकल कंपनी' स्थापन झाली. ५० हजार डॉलर भांडवल, पैसा स्थानिक धनिकांचा. कारखाना नीट उभारायला ते पुरेना, तेव्हा सॅम्युअल स्मिथ नावाचा तांब्याच्या खाणींत गबर झालेला श्रीमंत पुढे आला. १८९९ मध्ये कंपनीचं नाव झालं 'ओल्ड्स मोटर वर्क्स', कारखाना डेट्रॉइटला गेला आणि बहुतेक शेअर गेले स्मिथ कुटुंबाकडे.

हे वाक्य लक्षात ठेवा. कंपनीच्या पाटीवर ओल्ड्स, शेअरच्या कागदांवर स्मिथ. आजच्या स्टार्टअपमध्ये फाउंडर आणि गुंतवणूकदार यांच्यात जे होतं, ते तेव्हाही तसंच होतं.

आगीतून निघालेली गाडी

डेट्रॉइटला ओल्ड्सनं एकाच वेळी बऱ्याच मॉडेलवर काम सुरू केलं, त्यात विजेवर चालणाऱ्या गाड्याही होत्या. ९ मार्च १९०१ ला कारखान्याला आग लागली आणि सगळं जळालं. एका कामगारानं एक छोटी गाडी ढकलत बाहेर काढली, तीच वाचली, म्हणून कंपनीनं सगळी ताकद तिच्यावरच लावली, अशी कथा नंतर वर्षानुवर्षं सांगितली गेली. ऐकायला झकास आहे. तिला थोडं मीठ-मसाला लावलेला आहे, कारण त्या छोट्या गाडीची तयारी आगीच्या आधीच चालू होती.

ती गाडी म्हणजे 'कर्व्ह्ड डॅश'. तुम्ही फोनमध्ये रोज 'डॅशबोर्ड' हा शब्द बघता ना? मूळ डॅशबोर्ड म्हणजे घोडागाडीच्या पुढची उभी फळी, घोड्याच्या टापांनी उडालेला चिखल अडवणारी. ओल्ड्सच्या गाडीला घोडा नव्हता, पण फळी होती, आणि ती पुढे सुंदर वळवलेली होती, म्हणून हे नाव. सीटखाली एकच सिलिंडर. स्टिअरिंगचं चाक नाही, होडीच्या सुकाणूसारखा दांडा. पुढे जायला दोन गिअर. वजन साधारण सव्वातीनशे किलो. किंमत ६५० डॉलर. इतर कंपन्या जेव्हा श्रीमंतांसाठी खेळणी बनवत होत्या, तेव्हा ही गाडी डॉक्टर, दुकानदार अशा लोकांच्या आवाक्यात आली.

तिची जाहिरात कशी केली तेही ऐका. १९०१ मध्ये रॉय चेपिन या तरुण कर्मचाऱ्याला ओल्ड्सनं गाडी देऊन डेट्रॉइटहून न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाला पाठवलं. अंतर सुमारे १,३०० किलोमीटर, रस्ते भयंकर. चिखल इतका की काही ठिकाणी त्यानं गाडी चक्क कालव्याच्या कडेच्या, बोटी ओढणाऱ्या खेचरांसाठीच्या पायवाटेनं नेली. साडेसात दिवसांनी तो पोचला तेव्हा इतका मळलेला होता की आलिशान हॉटेलच्या दारातून त्याला मागच्या, नोकरांच्या दाराकडे पाठवण्यात आलं. हाच चेपिन पुढे अमेरिकेचा वाणिज्यमंत्री झाला.

विक्री बघा: १९०१ मध्ये ४२५ गाड्या, १९०२ मध्ये २,५००, १९०४ मध्ये साडेपाच हजारांच्या आसपास. एवढ्या गाड्या बनवायला ओल्ड्सनं कामाचे टप्पे पाडले. गाडी एका कामगाराकडून दुसऱ्याकडे सरकत जायची, प्रत्येक जण आपला ठरलेला भाग बसवायचा. इंजिन आणि गिअरबॉक्सचे सुटे भाग बाहेरून यायचे; गिअरबॉक्स डॉज बंधूंकडून, हो, तेच डॉज. आपण असेंब्ली लाइनचं सगळं श्रेय हेन्री फोर्डला देतो, पण फोर्डचा सरकता पट्टा १९१३ चा. त्याच्या बारा वर्षं आधी ओल्ड्स हे काम पट्ट्याशिवाय करत होता. आग लागल्यानंतर लान्सिंगच्या व्यापाऱ्यांनी ५२ एकर जागा देऊ केली आणि कारखाना हळूहळू पुन्हा त्याच्या गावी परतला.

१९०४: नाव गेलं

सॅम्युअल स्मिथचा मुलगा फ्रेडरिक कंपनीचा कारभार बघायचा. त्याचं मत: छोटी गाडी किती दिवस चालणार, आता मोठ्या आणि महाग गाड्या बनवू. ग्राहकांच्या तक्रारीही येत होत्या, आणि त्यात तथ्य होतं. ओल्ड्सचं मत: स्वस्त गाडी लाखो लोकांना लागणार आहे, तीच विकू. फ्रेडरिकनं त्याला न विचारता डेट्रॉइटला वेगळा प्रयोग विभाग काढला. भांडण वाढलं आणि १९०४ च्या सुरुवातीला ओल्ड्सला व्यवस्थापकपदावरून हटवण्यात आलं. वय ३९. त्यानं शेअर विकले आणि बाहेर पडला.

लान्सिंगमधल्या मित्रांनी त्याला घरी बसू दिलं नाही. ऑगस्ट १९०४ मध्ये पाच लाख डॉलर भांडवलाची नवी कंपनी उभी राहिली. या वेळी निम्म्याहून जास्त शेअर ओल्ड्सचे. मागचा धडा तो विसरला नव्हता. कंपनीचं नाव ठेवलं 'आर. ई. ओल्ड्स कंपनी'.

लगेच जुन्या कंपनीची कायदेशीर धमकी आली: ओल्ड्स हे नाव आमचं आहे.

म्हणजे बघा, आईबापानं ठेवलेलं, जन्मापासूनचं स्वतःचं आडनाव गाडीवर लावायची सोय त्याला राहिली नाही. त्यानं वाद वाढवला नाही. आपल्या नावाची तीन आद्याक्षरं घेतली, आर, ई, ओ, आणि कंपनीचं नाव केलं 'रिओ'. मला विचाराल तर ही त्याच्या आयुष्यातली सगळ्यात हुशार माघार. कारण दोन-तीन वर्षांत रिओची विक्री ओल्ड्सच्या जुन्या कंपनीच्या पुढे गेली. तिकडे स्मिथ मंडळींच्या मोठ्या गाड्या पडून राहिल्या. १९०८ मध्ये त्यांची विक्री हजाराच्या आसपास घसरली होती.

याच १९०८ मध्ये विल्यम ड्युरंट नावाचा बडा उद्योजक बऱ्याच मोटार कंपन्या एकत्र करायच्या मागे होता. त्यानं फोर्ड आणि ओल्ड्स दोघांनाही विचारलं. फोर्डनं ३० लाख डॉलर रोख मागितले. ते ऐकून ओल्ड्सनंही तेवढेच मागितले. बोलणी फिसकटली. ड्युरंटनं मग जनरल मोटर्स काढली आणि नोव्हेंबर १९०८ मध्ये ओल्ड्सची जुनी, डबघाईला आलेली कंपनी विकत घेतली. ओल्ड्स स्वतः जीएममध्ये कधीच गेला नाही, त्याचं नाव मात्र गेलं.

आणि पहिल्याच वर्षी त्या नावाचं काय झालं? ड्युरंटकडे ओल्ड्सची नवी गाडी तयार नव्हती. त्यानं म्हणे ब्यूकचा लाकडी सांगाडा मागवला, करवतीनं उभा-आडवा कापून त्याचे चार तुकडे केले, ते थोडे लांब सरकवून मांडले आणि सांगितलं, ही तुमची नवी ओल्ड्समोबिल. ब्यूकपेक्षा थोडी लांब-रुंद, थोडी महाग. १९०९ मध्ये तिच्या जिवावर ओल्ड्समोबिलची विक्री सहा हजारांच्या वर गेली. एकाच गाडीवर वेगळं नाव लावून विकायच्या या प्रकाराला आज बॅज इंजिनिअरिंग म्हणतात. आपल्याकडे बलेनो आणि ग्लान्झा शेजारी उभ्या केल्या की समजेल. ही करवतीची गोष्ट विसरू नका, पुढे ती पुन्हा येणार आहे.

रिओ, गवत कापायचं यंत्र आणि एक फसलेलं शहर

रिओनं चांगल्या गाड्या काढल्या. १९१५ मध्ये 'स्पीड वॅगन' हा हलका ट्रक आणला, तो इतका गाजला की अर्ध्या शतकानंतर, १९६७ मध्ये, इलिनॉयमधल्या पोरांनी आपल्या रॉक बँडचं नाव त्यावरून 'आरईओ स्पीडवॅगन' ठेवलं. पण ओल्ड्सचं मन आता एका जागी नव्हतं. त्यानं मोटरवर चालणारं गवत कापायचं यंत्र बनवणारी कंपनी काढली. १९१६ मध्ये फ्लोरिडात टँपा खाडीजवळ ३७ हजार एकरांहून जास्त जमीन घेऊन 'ओल्ड्समार' नावाचं शहर वसवायला घेतलं. लोक फारसे आले नाहीत, काही वर्षांत तोटा सोसून तो बाहेर पडला. गाव मात्र आजही त्याच नावानं आहे. तिथं कुठल्याच कंपनीनं हरकत घेतली नाही.

लान्सिंगच्या वॉशिंग्टन अव्हेन्यूवर त्याचा मोठा वाडा होता. गॅरेजच्या जमिनीत एक गोल फिरती चकती बसवली होती. गाडी आत आणायची, चकती फिरवायची, सकाळी तोंड बाहेरच्या बाजूला! अमेरिकेला मोटार शिकवणाऱ्या माणसाला रिव्हर्सचा कंटाळा होता.

मंदीच्या काळात रिओला महाग गाड्यांचा मोह नडला. तीच चूक, जिच्यावरून स्मिथ मंडळींशी त्याचं बिनसलं होतं. १९३६ मध्ये रिओनं मोटारी बनवणं थांबवलं आणि फक्त ट्रक ठेवले. त्याच वर्षी ओल्ड्स कंपनीतून बाजूला झाला. म्हणजे आपल्या आद्याक्षरांची मोटार बंद पडलेली त्यानं स्वतः पाहिली, आणि ज्या नावावरचा हक्क गेला होता त्या नावाच्या गाड्या दारासमोरून जोरात जाताना रोज दिसत होत्या. २६ ऑगस्ट १९५० ला तो लान्सिंगमध्येच वारला. आठवडाभरात पत्नी मेटाही गेली.

१९६६ मध्ये त्याचा वाडा पाडण्यात आला. तिथून महामार्ग जायचा होता. महामार्गाला नाव दिलं, आर. ई. ओल्ड्स फ्रीवे.

नाव एकट्यानं चालत राहिलं

त्याच्याशिवायच्या ओल्ड्समोबिलनं मोठी कामं केली, हे मान्य करायलाच हवं. १९४० च्या मॉडेलमध्ये हायड्रामॅटिक गिअरबॉक्स आला, क्लच नाही, गिअर आपोआप. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला हा पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. १९४९ मध्ये 'रॉकेट' व्ही-८ इंजिन आलं आणि ओल्ड्समोबिल म्हणजे रॉकेट हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. १९६२ मध्ये टर्बो इंजिनची जेटफायर आली. तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचं एक द्रव वेगळं भरावं लागायचं, लोक भरायचे नाहीत, टर्बो रुसायचा. कंपनीनं शेवटी कित्येकांच्या गाडीतला टर्बो फुकट काढून दिला. आणि १९९५ मध्ये 'गाइडस्टार': अमेरिकन कंपनीनं गाडीतच बसवून विकलेली पहिली जीपीएस नेव्हिगेशन यंत्रणा. किंमत सुमारे दोन हजार डॉलर जादा, शिवाय प्रत्येक भागाच्या नकाशांचं कार्ट्रिज वेगळं. तुमच्या गुगल मॅप्सचा हा खर्चिक आजोबा.

जीएममध्ये ब्रँडच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. पहिली नोकरी लागली की शेव्हरोले, मग पॉन्टियाक, बढती मिळाली की ओल्ड्समोबिल, मग ब्यूक, आणि आयुष्य सार्थकी लागलं की कॅडिलॅक. शेजाऱ्याच्या दारात कुठली गाडी उभी आहे त्यावरून तो कुठल्या पायरीवर आहे ते कळायचं. लोक या पायरीसाठीच जादा पैसे मोजत होते.

१९७७ मध्ये ओल्ड्समोबिलनं वर्षात दहा लाखांहून जास्त गाड्या विकल्या. त्याच वर्षी शिकागोतल्या एका ग्राहकानं आपली नवी ओल्ड्समोबिल कामाला नेली, आणि ओल्ड्समोबिलचा सुटा भाग तिला बसेना. बॉनेटखाली शेव्हरोलेचं इंजिन होतं.

मागणी इतकी वाढली होती की ओल्ड्सची इंजिनं कमी पडत होती, म्हणून जीएमनं शेव्हरोलेची लावली होती. आकार दोन्हींचा सारखाच, ३५० घन इंच, म्हणजे ५.७ लिटर. ताकदीत फार फरक नाही. जीएमच्या इंजिनिअरना खरोखर कळेना की लोक एवढे का तापलेत. पण इलिनॉय राज्याच्या महाधिवक्त्यानं खटला भरला, इतर राज्यंही पुढे आली. शेवटी जीएमला हजारो ग्राहकांना सुमारे २०० डॉलर आणि इंजिनची वाढीव वॉरंटी द्यावी लागली, आणि जाहिरातींत छापावं लागलं की इंजिन आमच्या कुठल्याही विभागाचं असू शकतं.

इथे लोकांची बाजू बरोबर होती असं मला वाटतं. त्यांनी रॉकेटचे पैसे मोजले होते. इंजिन वाईट नसेलही, पण तुम्ही स्नॅपड्रॅगन लिहिलेला फोन घ्यावा आणि आत दुसराच प्रोसेसर निघावा, मग कंपनीनं म्हणावं स्पीड तर सारखाच आहे, तसं हे झालं. १९०९ च्या करवतीवर कुणी तक्रार केली नव्हती, कारण तेव्हा नावाला वजनच आलेलं नव्हतं. मधल्या ६८ वर्षांत ते आलं, आणि ते लोकांनी दिलेलं होतं.

शेवटची चार वर्षं

त्यानंतर घसरण हळूहळू झाली. १९७८ मध्ये आणलेलं डिझेल इंजिन इतकं बिघडायचं की खटले झाले आणि १९८५ मध्ये ते बंद करावं लागलं. जीएमच्या सगळ्या ब्रँडच्या गाड्या एकमेकींसारख्या दिसू लागल्या. १९८८ मध्ये तरुणांना ओढायला जाहिरात केली: ही तुमच्या वडिलांची गाडी राहिलेली नाही, असा तिचा सूर. तरुण आले नाहीत आणि जे वडील गाडी घेत होते ते दुखावले. १९९५ ची ऑरोरा ही खरोखर देखणी गाडी, पण तिच्या बाहेरच्या अंगावर ओल्ड्समोबिल हे नाव जवळजवळ नव्हतंच. स्वतःच्याच नावाची कंपनीला लाज वाटते हे ग्राहकाला दिसलं की पुढचं सांगायला नको. ऐंशीच्या दशकात वर्षाला दहा लाख खपणारा ब्रँड २००० मध्ये तीन लाखांच्या आत आला.

डिसेंबर २००० च्या घोषणेनंतर मालकांच्या प्रतिक्रिया दोन प्रकारच्या होत्या. एक हिशेबाची: वॉरंटीचं काय, सुटे भाग किती वर्षं मिळणार, आणि काल शोरूममधून काढलेल्या गाडीची किंमत आज एका बातमीनं किती पडली. दुसरी घरगुती: आजोबांची ओल्ड्समोबिल, वडिलांची ओल्ड्समोबिल, तिसरी माझ्या दारात, आता चौथी कुठली? लान्सिंगमध्ये तर कितीतरी घरांत गाडीही ओल्ड्स आणि पगारही ओल्ड्सचा. देशभर सुमारे २,८०० डीलर होते. त्यांच्याशी समझोते करण्यात जीएमचे शंभर कोटी डॉलरहून जास्त गेले. गाडीमालकाशी समझोता करायचं कारण नव्हतं. त्यानं गाडी घेतली होती, ब्रँड घेतला नव्हता.

२९ एप्रिल २००४ ला लान्सिंगच्या कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर आली, गडद चेरी रंगाची अलेरो. कामगारांनी बॉनेटच्या आतल्या बाजूला सह्या केल्या. एकूण आकडा साडेतीन कोटींच्या वर गेला होता.

पाच वर्षांनी दिवाळखोरीच्या तडाख्यात जीएमनं आणखी ब्रँड सोडले: पॉन्टियाक, सॅटर्न, हमर, साब. त्यातल्या सॅटर्नचे मालक तर १९९४ मध्ये चाळीस हजारांहून जास्त संख्येनं टेनेसीतल्या कारखान्यात गाड्यांसकट जमले होते, नुसते भेटायला. त्यांच्या प्रेमानंही कंपनी वाचली नाही.

आणि आपल्याकडे मे २०१७ मध्ये याच जीएमनं भारतात शेव्हरोलेची विक्री थांबवत असल्याचं जाहीर केलं. पुण्याजवळच्या तळेगावच्या कारखान्यात निर्यातीसाठी गाड्या बनत राहिल्या, डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबलं. आता तो कारखाना ह्युंदाईकडे आहे. बीट, स्पार्क, क्रूझ आणि टॅव्हेरावाल्यांचे प्रश्न लान्सिंगवाल्यांसारखेच होते. योगायोग असा की शेव्हरोले हेही एका माणसाचं आडनाव. लुई शेव्हरोलेचं ड्युरंटशी पटलं नाही, तो बाहेर पडला आणि नाव तिथेच राहिलं.

बंद ब्रँडची गाडी चालवताना

आता कामाचं. ब्रँड बंद झाला म्हणून गाडी बंद पडत नाही. ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, बेअरिंग हे भाग बहुतेक वेळा बाहेरच्या कंपन्या बनवतात आणि एकच भाग अनेक मॉडेलना चालतो, म्हणून ते वर्षानुवर्षं मिळतात. ज्या बॅज इंजिनिअरिंगनं ओल्ड्समोबिलची ओळख घालवली, त्याच्यामुळेच तिच्या मालकांना इंजिनचे भाग मिळत राहिले, कारण तीच इंजिनं ब्यूक आणि शेव्हरोलेतही होती. अडतं ते त्या एकाच मॉडेलच्या वस्तूंवर: हेडलाइटची काच, बंपर, दाराची रबरं, डॅशबोर्डचं प्लॅस्टिक. जुनी गाडी घेणार असाल तर इंजिनच्या आधी या वस्तूंची चौकशी करा.

दुसरी अडचण नवी आहे, आणि ती गाडीच्या आत नसते. शेवटच्या काही वर्षांतल्या ओल्ड्समोबिल गाड्यांत आरशाजवळ ऑनस्टार नावाचं बटण होतं. दाबलं की मोबाइल नेटवर्कवरून मदत केंद्राला फोन लागायचा, अपघातात एअरबॅग उघडली तर आपोआप लागायचा. ही यंत्रणा जुन्या अॅनालॉग नेटवर्कवर चालायची. २००७ च्या अखेरीस ऑनस्टारची अॅनालॉग सेवा बंद झाली. ज्या गाड्यांत डिजिटल भाग बसवता येत नव्हता, त्यांचं इंजिन, गिअर, दिवे सगळं ठीक होतं, बटणही जागेवर होतं. दाबलं तर पलीकडे कुणी नव्हतं. तुमच्या गाडीचं अॅप, रिमोट लॉक, नेव्हिगेशन हे सगळं कुठल्या सर्व्हरवर आणि कुठल्या सिमवर चालतं, आणि ते किती वर्षं चालू ठेवायचं कंपनीनं लेखी कबूल केलंय, हे शोरूममध्ये विचारून बघा. उत्तर द्यायला सेल्समनला जरा वेळ लागेल.